ब्याण्णव शनिवार

ज्यांच्या माळ्यावर जुन्या साप्ताहिकांचा गठ्ठा आहे आणि खाली रद्दीवाला ताणकाटा घेऊन उभा आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी तशीच उभी होते. मे २०२२, सांगली, गावभागातलं आमचं घर.

बाबा जाऊन वर्ष झालं होतं आणि घर विकायचं ठरलं होतं. २०१९च्या ऑगस्टमधल्या पुरात तळमजल्यावरची पुस्तकांची दोन कपाटं गेली, त्यांचा लगदा आम्ही फावड्यानं बाहेर काढला होता. माळ्यावरचं तेवढं वाचलं. त्यात एका मराठी साप्ताहिकाचे तीन गठ्ठे निघाले. रद्दीवाल्यानं किलोला चौदा रुपये सांगितले. "पिवळा पडलाय, ताई. ह्याला पेपरचा भाव नाही." वरच्या गठ्ठ्याच्या पुठ्ठ्यावर बाबांच्या निळ्या पेन्सिलीतली अक्षरं होती: "जून ७५ ते मार्च ७७. देऊ नये."

मग काय देणार!

साप्ताहिकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपल्याला नेमकं काय हवंय हे विक्रेत्याला कळलं की भाव कसा चढतो, ते पुढे येईलच.

आमच्या घरात एक गोष्ट नेहमी सांगितली जायची. आणीबाणीत, म्हणजे याच काळात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर असताना, बाबांचं पत्र छापून आलं होतं, कराडच्या साहित्य संमेलनाच्या अंकात. डिसेंबर १९७५चं ते संमेलन. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, आणि दुर्गाबाईंनी व्यासपीठावरून जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली ते हेच. बाबा सांगलीहून ऐकायला गेले होते. पत्रात काय लिहिलं होतं ते मात्र कुणालाच आठवत नव्हतं. काहीतरी धाडसाचंच असणार, असं मी लहानपणापासून धरून चालले होते. गठ्ठ्यात तोच अंक नव्हता.

गठ्ठे घेऊन ठाण्याला माझ्या घरी आल्यावर पहिलं काम मोजणीचं. अंक दर शनिवारी निघायचा. २८ जून १९७५ ते २६ मार्च १९७७, दोन्ही धरून ९२ शनिवार होतात. आमच्याकडे ६१ अंक होते. म्हणजे ३१ कमी. हा हिशोब चुकीचा होता, पण ते कळायला मला आठ महिने लागले.

मोजायच्याही आधी करायला हवं होतं ते मी नंतर केलं: कसर मारणं. गठ्ठा सोडला तेव्हा चंदेरी किडे सरसर पळाले आणि दोन दिवसांत माझ्या पुस्तकांच्या कपाटाखाली दिसले. जुना कागद घरात आणलात तर आधी वेगळ्या खोलीत ठेवा. मी दहा-दहा अंक प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हवा काढून, तोंड घट्ट बांधून दोन-दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवले. मटाराच्या पिशव्या सासूबाईंनी शेजारी हलवल्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला फ्रीझर उघडून दाखवायच्या. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. एक दिवस तशीच राहू द्यायची, नाहीतर गार कागदावर पाणी धरतं. ओलसर अंक फ्रीझरमध्ये घालायचे नाहीत, आधी सावलीत वाळवायचे. उन्हात मुळीच नाही.

दुसरी चूक मी सेलोटेपची केली. चार अंकांचे फाटके कोपरे हौसेनं चिकटवले. ओळखीच्या एका ग्रंथपालबाईंनी फोटो पाहिला आणि नुसतं "अरेरे" एवढंच लिहून पाठवलं. टेपचा डिंक काही वर्षांत तपकिरी होतो, कागदात मुरतो आणि मग निघत नाही. त्याऐवजी पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या सत्त्वाची (स्टार्चची) खळ. लॅमिनेशन तर बिलकूल नको. डांबरगोळ्याही नकोत, त्यांचा वास वर्षानुवर्षं जात नाही आणि वाचणाऱ्याचं डोकं उठतं.

पिनांनी सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. सत्तेचाळीस वर्षांत त्या गंजून कागदाशी एकजीव झाल्या होत्या. नेहमीच्या पिना काढायच्या चिमट्यानं ओढल्या की मधलं पान फाटून हातात येतं. अंक मधोमध उघडायचा, पिनेचे दोन पाय बोथट सुरीच्या टोकानं एक-एक करून सरळ करायचे, मग अंक उलटा करून बाहेरून पिन हळूच उपसायची. बहुतेक वेळा ती मध्येच मोडते आणि तांबडी भुकटी सांडते. ती मऊ ब्रशनं झाडायची, फुंकर मारायची नाही. (मी मारली. डोळ्यात गेली.) मग त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवून सैल गाठ. एका अंकाला वीस मिनिटं. जूनचा शेवट आणि जुलै २०२२ त्यातच गेले. पावसाळ्यात हे काम काढू नये हे शहाणपण ऑगस्टमध्ये सुचलं. दमट हवेत कागद मऊ पडतो आणि पानं एकमेकांना धरून बसतात.

६१पैकी ११ अंकांना मुखपृष्ठच नव्हतं. तारीख कशी लावायची? इथे मला खरी मजा आली. वर्ष आणि अंक क्रमांक आतल्या पानावर असेल तर प्रश्नच मिटतो, पण पहिलं पान गेलं की तोही जातो. मग मागचं पान पाहायचं. मुद्रक, प्रकाशक आणि छापण्याची जागा छापणं १८६७च्या कायद्यानं बंधनकारक होतं, त्यामुळे ती ओळ सापडते, पण त्यात तारीख नसते. एका अंकात 'फॉर्म ४' मिळाला. मालक कोण, संपादक कोण, नागरिकत्व भारतीय, असं ते निवेदन वर्षातून एकदाच यायचं, फेब्रुवारी संपल्यावरच्या पहिल्या अंकात. म्हणजे तो अंक ६ मार्च १९७६चा नाहीतर ५ मार्च १९७७चा. दुसरा धागा शब्दकोड्याचा: कोड्याला क्रमांक असतो आणि मागच्या आठवड्याचं उत्तर पुढच्यात. पण सगळ्यांत उपयोगी पडलं ते साप्ताहिक राशिभविष्य! "२३ ते २९ नोव्हेंबर", स्पष्ट छापलेलं. मी जन्मात भविष्य वाचलं नव्हतं. त्या महिन्यात अकरा आठवड्यांचं मेष ते मीन वाचून काढलं.

याहून जुने अंक असतील तर किंमत पाहा. आणे असतील तर एप्रिल १९५७च्या आधीचा काळ किंवा तिथलाच आगेमागे. 'नये पैसे' असेल तर त्यानंतरचा, पण १९६४च्या आगेमागेपर्यंतचाच, कारण जून १९६४मध्ये 'नये' गेलं आणि नुसते पैसे राहिले. जाहिरातीतल्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असला की अंक १५ ऑगस्ट १९७२च्या आधीचा नाही हे नक्की. उलट मात्र नाही. 'पुणे २' लिहायची सवय लोकांनी पुढेही बरीच वर्षं सोडली नव्हती.

सप्टेंबर २०२२पासून शोध सुरू केला. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे दोन रविवार घालवले, हाती चार अंक, वीस-वीस रुपयांना. मुंबईच्या चोरबाजारात शुक्रवारी पहाटे रस्त्यावर बाजार मांडतात, तिथे उजेडाआधी टॉर्च घेऊन गेले. इंग्रजी साप्ताहिकं ढिगानं, सिनेमाची मासिकं त्याहून जास्त, मराठी जवळपास नाहीच. हुतात्मा चौकातल्या फुटपाथवरच्या एका काकांनी मला चांगलं सांगितलं: "मराठी आमच्याकडे नाही येत. मराठी माणूस एकतर जपतो नाहीतर थेट रद्दीत देतो. तुम्ही रद्दीवाल्यांना धरा." ते बरोबर निघालं. ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या नऊ रद्दीवाल्यांना मी मोबाईल नंबर आणि मुखपृष्ठाचा फोटो देऊन ठेवला. तिघांचे फोन आले. त्यातल्या एकाकडून अकरा अंक मिळाले, प्रत्येकी तीस रुपये.

समाजमाध्यमांवर विकणाऱ्यांचं गणित वेगळं. मी भाबडेपणानं विचारलं, "५ जुलै १९७५चा आहे का?" उत्तर आलं, आहे, बाराशे रुपये. एका मित्राला त्याच माणसाकडे "जुने अंक घ्यायचेत, काहीही चालतील" असं विचारायला लावलं, तर गठ्ठ्याचा भाव अंकाला पन्नासाच्या आत. त्या गठ्ठ्यात माझा अंक होताच. बरोबर १९७४चे २२ अंकही गळ्यात पडले, एकूण अकराशे रुपये. आणखी एकाकडून चारशेला घेतलेल्या अंकाचं मुखपृष्ठ ऑगस्ट १९७५चं आणि आतली पानं १९७८ची निघाली. कुणीतरी सुबक चिकटवलं होतं. तेव्हापासून पैसे देण्याआधी मी तीन फोटो मागते: मुखपृष्ठ, मधलं पान आणि पिनांची जागा. मुखपृष्ठावरची भोकं आणि आतली भोकं एका रेषेत हवीत.

जानेवारी २०२३पर्यंत कराडचा अंक वगळता दोन अंक सगळ्यात जास्त छळत होते, दिवाळीच्या सुमाराचे, एक १९७५चा आणि एक १९७६चा. मी पंधरा-वीस जणांना लिहिलं. एकानं तर "मी पाहिलाय तो अंक, मिळवून देतो" असंही सांगितलं. शेवटी दादाचा फोन आला. तो शाळेत असताना त्या साप्ताहिकात एक रहस्यकथा क्रमशः यायची आणि ती तो बाबांच्या आधी वाचायचा. मी त्याला दोन्ही दिवाळ्यांच्या आसपासच्या अंकांचे फोटो पाठवले होते.

"अगं, प्रकरण बारा आहे, मग तेरा आहे. मधे काय हवंय तुला?"

"मधला अंक."

"मधला अंक नसेलच. दिवाळीचा जोडअंक असायचा तो!"

जोडअंक. दोन आठवड्यांचा मिळून एक, मग पुढच्या शनिवारी सुट्टी. आमचा १९७५चा जोडअंक बिनमुखपृष्ठाचा होता, म्हणून त्यावरचे दोन क्रमांक मला दिसलेच नव्हते. १९७६चा पुढे विकत मिळाला, त्यावर ठसठशीत जोडक्रमांक होते. म्हणजे एकूण अंक ९२ नव्हे, ९०. कमी होते ते २९. "पाहिलाय तो अंक" म्हणणाऱ्या गृहस्थांना मी अजून विचारलेलं नाही.

मार्च २०२३ ते मे २०२३ काहीच मिळालं नाही. या काळात मी वाचत बसले, आणि क्रमानं वाचलं. हे सगळं कशासाठी करतेय ते तेव्हा मला उमगलं. अंकावर तारीख विक्रीची असते, मजकूर चार-पाच दिवस आधी खिळे जुळवून छापायला गेलेला असतो. त्यामुळे २८ जून १९७५चा अंक आपल्या घरात आहे आणि त्याला आणीबाणी माहीतच नाही. १२ जूनला इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवणारा अलाहाबाद उच्च न्यायालयाचा निकाल लागलेला, आणि पानंच्या पानं वाद चाललाय की इंदिराबाई राजीनामा देणार की नाही. वाचकांची पत्रं तावातावानं लिहिलेली. एक जण लिहितो, पुढच्या अंकात अमुक नेत्याची मुलाखत घ्याच. पुढचा अंक, ५ जुलै: मुखपृष्ठावर पावसातली शेतं. मुलाखत नाही, वाद नाही, राजीनामा हा शब्दच नाही. आठ पानं कमी. कशाबद्दल दिलगिरीही नाही.

इतिहासाच्या पुस्तकात २५ जूनची मध्यरात्र असते. इथे मला दोन अंकांमधली ती सात दिवसांची फट दिसली, आणि मी त्या शेताकडे कितीतरी वेळ बघत बसले.

पुढच्या अंकांत बातम्यांपेक्षा बाकीचं वाचावं. पत्रांचं पान दोनावरून एकावर येतं, मग अर्ध्यावर. उरलेल्या पत्रांत गावातली दिवाबत्ती, परीक्षांचं वेळापत्रक, शुद्धलेखन. लाल त्रिकोणाच्या कुटुंबनियोजनाच्या जाहिराती वाढत जातात. पाककृतींना दुप्पट जागा. मग १८ जानेवारी १९७७ला निवडणुका जाहीर होतात आणि दोन आठवड्यांत पत्रांचं पान एकदम फुगून अडीच पानं होतं, जणू लोकांनी ती लिहूनच ठेवली होती. हे एकेक अंक सुटा वाचून कळत नाही. म्हणून सांगते, 'महत्त्वाचे' अंक निवडून घेऊ नका. सलग तीन महिने मिळत असतील तर ते घ्या, त्यात एकही मोठी बातमी नसली तरी.

जून २०२३मध्ये ग्रंथालयाचं दार ठोठावलं. नाव देत नाही, चांगली माणसं आहेत. त्यांच्याकडे या साप्ताहिकाचे बांधीव खंड होते. अर्ज, ओळखपत्राची प्रत, 'वापराचा हेतू' सांगणारं पत्र, हजार रुपये परत मिळणारी अनामत आणि शंभर रुपये शुल्क. "हेतू" या रकान्यात मी "वैयक्तिक" लिहिलं तर अर्ज परत आला. "वैयक्तिक अभ्यास" लिहिल्यावर चालला. फोटो काढायची परवानगी कार्यकारिणीकडून, आणि कार्यकारिणी महिन्यातून एकदा बसते. जुलैची बैठक गणसंख्येअभावी झाली नाही. ऑगस्टमध्ये परवानगी मिळाली: फ्लॅश नाही, पेन नाही, पेन्सिल चालेल, पानाला पाच रुपये.

अर्ज करण्याआधी फोन करून एक गोष्ट जरूर विचारा: खंड बांधताना मुखपृष्ठं ठेवली आहेत का? पुष्कळ ठिकाणी बाइंडरनं मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकलेली असतात, कडाही छाटलेल्या. मला हवे असलेले तीन अंक तिथे होते, तिन्ही बिनमुखपृष्ठाचे. दोनांचे फोटो काढले, ५८ पानं, २९० रुपये. तिसरा १३ डिसेंबर १९७५चा, कराडचा.

वृत्तांत होता. मंडपाचं वर्णन होतं, जेवणावळीचं होतं, अध्यक्षीय भाषणाला पाऊण स्तंभ. मी थेट मागे गेले. पान ३० नंतर ३३. मधलं पान शिवणीपासून ब्लेडनं कापलेलं, अगदी सरळ. ग्रंथपालांनी वाकून पाहिलं. "कोडं असणार, मॅडम. त्या काळी कोडं सोडवून पाठवलं की बक्षीस असायचं. सगळ्या खंडांतून कापलीत." कोड्याच्या मागच्या बाजूला पत्रांचं पान. कुणाला बक्षीस मिळालं देव जाणे.

त्या दिवशी मी अनामतही परत न घेता घरी आले.

डिसेंबर २०२३पर्यंत विकत घेतलेले २६ आणि हे दोन धरून ८९ झाले होते. शेवटचा, कराडचा अंक पैशानं नाही, अदलाबदलीनं मिळाला. कोल्हापूरकडच्या एका निवृत्त शिक्षकांकडे तो होता, पण ते विकत नव्हते. त्यांना हवे होते १९७४चे सात अंक, आणि माझ्या गळ्यात पडलेल्या गठ्ठ्यातले सहा त्यांच्या यादीत होते! तेव्हा जादाचे अंक रद्दीत घालू नका, यादी करून ठेवा. मी आधी पाठवायचे असं ठरलं. पोस्टात खिडकीवरच्या बाईंनी पाकीट पुस्तकांच्या सवलतीच्या दरात घ्यायला नकार दिला: "हे ठरावीक मुदतीनं निघतं ना? मग पुस्तक नव्हे, नियतकालिक." नियम तेव्हा तसाच होता, मी नंतर वाचला. साधं रजिस्टर केलं. दोन पुठ्ठ्यांमध्ये अंक, वरून प्लास्टिक, कोपऱ्यांना जाड कागद. घडी मुळीच नाही, जुना कागद घडीवर मोडतो.

त्यांचं पाकीट अकरा दिवसांनी आलं, ९ फेब्रुवारी २०२४ला. तोवर मी रोज पोस्टमनना अडवत होते.

हिशोब सांगून टाकते. विकतचे अंक, तो बनावट धरून, ३,१६०. चौऱ्याहत्तरचा गठ्ठा १,१००. ग्रंथालय ३९०. आम्लविरहित कागद, पॉलिएस्टरची पाकिटं आणि दोन खोकी २,४५०. (पाकिटं घेताना वास घ्या. नव्या रेनकोटासारखा वास आला तर पीव्हीसी, ते नको.) प्रवास धरलेला नाही, नवऱ्याच्या शिंकाही नाहीत. आता सगळे अंक आडवे, खोक्यात, जमिनीपासून वर आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब. सिलिका जेलच्या पुड्या पावसाळ्यात महिन्याला बदलते.

तर ते पान. दादाला व्हिडिओ कॉल लावला आणि मगच पाकीट उघडलं. आत्या त्याच्याकडेच होती. पान ३१, डावीकडचा स्तंभ, खालून दुसरं पत्र, खाली बाबांचं नाव आणि 'गावभाग, सांगली'. मी मोठ्यानं वाचलं:

"गेल्या अंकातील शब्दकोड्यात आडवा ७ साठी 'मोकळीक' या अर्थी 'सूट' असे उत्तर दिले आहे. ते चूक आहे. तेथे 'मुभा' हवे. दोन्ही शब्दांत फरक आहे व तो संपादकांस ठाऊक असावा."

दादा म्हणाला, "डिसेंबर पंच्याहत्तरला मुभा! बघ, बरोबर टाकलंय त्यांनी."

आत्यानं मान हलवली. "काही टाकलं-बिकलं नाही. त्या एका शब्दापायी त्याचं पाच रुपयांचं बक्षीस गेलं होतं. आठवडाभर घरात बोलत नव्हता."

दोघांचा वाद अजून चालू आहे. मी पान पाकिटात घातलं आणि खोक्यात पंचविसाव्या शनिवारच्या जागी ठेवून दिलं.